अ‍ॅनफिल्डची गादी: लिव्हरपूलच्या मॅनेजरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरपूल हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब हरला की आपल्याकडे पहिली चर्चा मॅनेजरची होते. रात्री दीड वाजता, डोळे चोळत, 'याला आता नारळ द्या' असं म्हणणारा एक तरी असतोच. मग दुसरा शँकलींचं नाव काढतो, तिसरा क्लॉपचं, आणि नव्याने फुटबॉल बघायला लागलेला चौथा विचारतो, 'हे शँकली कोण?' त्या चौथ्यासाठी हे पान आहे. एक गोष्ट आधीच कबूल करतो. कोण आला यापेक्षा कोण कसा गेला, हे मला या इतिहासात जास्त बोलकं वाटतं. उत्तरांतून ती खोड दिसेलच.

लिव्हरपूलचा पहिला मॅनेजर कोण?

एका नावाचं उत्तर नाही. १८९२ पर्यंत अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या आजच्या मैदानावर, त्याच शहरातला एव्हर्टन क्लब खेळत असे. भाड्यावरून एव्हर्टनची मंडळी आणि मैदान ज्यांच्या ताब्यात होतं ते जॉन हूल्डिंग यांचं बिनसलं. एव्हर्टन बाडबिस्तरा उचलून गुडिसन पार्कला गेलं आणि हूल्डिंगकडे मैदान उरलं, पण त्यावर खेळायला संघ नाही. म्हणून त्यांनी नवा क्लब काढला. कारभार दोघांनी सांभाळला: सेक्रेटरी विल्यम बार्कली आणि आयर्लंडहून आलेले जॉन मॅकेना. मॅकेनांनी स्कॉटलंडमधून खेळाडू आणले, आणि इतके आणले की पहिल्या संघात आडनावाची सुरुवात 'मॅक'ने होणाऱ्यांची रांगच लागली. १८९३-९४ च्या हंगामात दुसऱ्या विभागातल्या २८ सामन्यांपैकी एकही हा संघ हरला नाही. मॅकेना पुढे अख्ख्या फुटबॉल लीगचे अध्यक्ष झाले. पहिला मॅनेजर म्हणून एकच नाव हवं असेल तर मी त्यांचं घेईन, पण बार्कलींचं नाव घेणाराही चुकत नाही.

मग एकूण मॅनेजर किती झाले?

वीस-बावीस. बार्कली-मॅकेना एक की दोन, डाल्ग्लिश दोनदा आले ते एक की दोन, आणि मधल्या काळात हंगामी म्हणून उभे राहिलेल्यांना धरायचं की नाही, यावर आकडा बदलतो. सव्वाशेहून जास्त वर्षांत एवढेच. काही क्लब दहा वर्षांत एवढे मॅनेजर संपवतात.

जुन्या याद्यांमध्ये 'सेक्रेटरी-मॅनेजर' लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं काय?

पत्रव्यवहार, आगगाडीची तिकिटं, खेळाडूंचे पगार, नव्या खेळाडूंचा शोध, हे सगळं त्या माणसाचं काम. संघ कोणता उतरवायचा हे मात्र बहुतेक ठिकाणी संचालक मंडळ ठरवायचं. सरावही प्रशिक्षकाकडे. हे लक्षात ठेवा, कारण शँकलींच्या वेळी याच मुद्द्यावर घोडं अडलं होतं.

सर्वांत जास्त काळ कोण टिकलं?

वर्षं मोजली तर टॉम वॉटसन: १८९६ ते १९१५. सामने मोजले तर बिल शँकली: ७८३. वॉटसन सुंदरलँडला तीन वेळा लीग जिंकून देऊन आले होते, आणि लिव्हरपूलला त्यांनी १९०१ व १९०६ ची विजेतेपदं मिळवून दिली. दोन वेगवेगळ्या क्लबांना इंग्लंडचं अजिंक्यपद मिळवून देणारे ते पहिले. १९१४ मध्ये एफए कपची (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) अंतिम फेरी गाठली, बर्नलीकडून ०-१ ने हरले, आणि पुढच्याच वर्षी पदावर असताना वारले. आजच्या चाहत्याला त्यांचं नाव माहीत नसतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हंगामाच्या मध्यावर, संघ अव्वल असताना, कोणी सोडून गेलं होतं का?

हो, आणि एकदा नाही, दोनदा. दुसरी वेळ डाल्ग्लिशची, तिच्याकडे नंतर येऊ. पहिले डेव्हिड अ‍ॅशवर्थ. मुळात ते पंच होते. १९२२ मध्ये त्यांनी लीग जिंकून दिली, पुढच्या हंगामात संघ पुन्हा आघाडीवर होता आणि ते ओल्डहॅमला निघून गेले. ओल्डहॅम त्याच हंगामाअखेर खालच्या विभागात घसरलं. इकडे लिव्हरपूलचे माजी खेळाडू मॅट मक्वीन यांनी सूत्रं हाती घेतली आणि १९२३ ची लीगही घरात आणली. हे मक्वीन खेळत असताना पुढेही खेळलेले आणि गोलरक्षणही केलेले. पुढे एक खेळाडू बघायला गेले असताना मोटार अपघात झाला आणि त्यांचा पाय गेला. १९२८ मध्ये प्रकृतीमुळेच त्यांनी पद सोडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लिव्हरपूल दूध-अंडी खाऊन जिंकलं, ही थाप की खरं?

दौरा खरा आहे. जॉर्ज के हे तेव्हाचे मॅनेजर. ब्रिटनमध्ये रेशन चालू होतं, मांस-लोण्याची मारामार होती. १९४६ च्या उन्हाळ्यात क्लबने संघ अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यावर नेला. सामने होतेच, पण पोटभर सकस जेवण हाही उघड हेतू होता. मंडळी वजन वाढवून परतली आणि १९४६-४७ ची लीग जिंकली. आता फक्त दुधावर लीग जिंकता येत नाही. संघात बिली लिडेल होता, आणि दौऱ्यानंतर अल्बर्ट स्टबिन्स येऊन मिळाला. तरी गोष्ट छान आहे, आणि मुळाशी खरी आहे.

त्या संघात एक डावा हाफबॅक होता, बॉब पेस्ली. १९५० च्या एफए कप उपांत्य सामन्यात त्याने एव्हर्टनविरुद्ध गोल केला, आणि अंतिम सामन्यातून त्यालाच वगळण्यात आलं. आर्सेनलने तो सामना २-० ने जिंकला. हे नाव लक्षात ठेवा. के १९५१ मध्ये आजारपणामुळे निवृत्त झाले.

नारळ मिळालेला पहिला मॅनेजर कोण?

डॉन वेल्श. १९५४ मध्ये संघ तळाला जाऊन दुसऱ्या विभागात घसरला, आणि १९५६ मध्ये वेल्श यांना काढलं. त्यानंतर फिल टेलर. वर चढता चढता दर वेळी पाय निसटला, आणि जानेवारी १९५९ मध्ये वूस्टर सिटी या लीगबाहेरच्या संघाने एफए कपमध्ये लिव्हरपूलला २-१ ने घरी पाठवलं. टेलर नोव्हेंबरमध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले.

कागदोपत्री पाहिलं तर त्यानंतर थेट हकालपट्टी झाली ती २०१२ मध्ये डाल्ग्लिशची आणि २०१५ मध्ये रॉजर्सची. मधल्यांनी राजीनामे दिले, निवृत्ती घेतली किंवा 'परस्पर संमतीने' गेले. परस्पर संमती म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

शँकलींनी असं काय केलं की अजून त्यांचं नाव निघतं?

आधी त्यांनी काय *केलं नाही* ते सांगतो. १९५१ मध्येच त्यांची या पदासाठी मुलाखत झाली होती. संघनिवडीत शेवटचा शब्द मंडळाचा राहील असं कळल्यावर गाडी तिथेच थांबली, आणि नेमणूक वेल्श यांची झाली. डिसेंबर १९५९ मध्ये ते हडर्सफिल्डहून आले ते संघ मीच निवडणार या बोलीवर.

शँकली स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक या कोळसाखाणीच्या खेड्यातले. लिव्हरपूल तेव्हा दुसऱ्या विभागात, मेलवुडचं सराव-मैदान रान माजलेलं. नवा साहेब आला की तो आपली माणसं आणतो आणि जुन्यांना घरी बसवतो. शँकलींनी खेळाडू भराभर बदलले, पण प्रशिक्षकांपैकी एकालाही हात लावला नाही. बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट, सगळे जागेवर राहिले. माझ्या मते गेल्या सत्तर वर्षांतला या क्लबचा सर्वांत मोठा निर्णय हाच. पुढची तीस वर्षं या एका 'न काढण्या'तून निघाली.

बाकीचं तपशिलात आहे. खेळाडूंनी कपडे अ‍ॅनफिल्डवर बदलायचे, बसने मेलवुडला जायचं, सराव झाला की घामाघूम अवस्थेत आंघोळीला न जाता बसने परत यायचं. अंग हळूहळू थंड होतं, दुखापती कमी होतात. पाच-पाच जणांचे छोटे सामने, पास द्या आणि जागा बदला, बस्स. १९६१ मध्ये इयन सेंट जॉन आणि रॉन येट्स आले, १९६२ मध्ये संघ वर चढला, १९६४ आणि १९६६ मध्ये लीग जिंकली, १९६५ मध्ये क्लबचा पहिलावहिला एफए कप. १९६५-६६ च्या अख्ख्या हंगामात लीगमध्ये फक्त १४ खेळाडू वापरले गेले. आज एका सामन्यात सोळा उतरतात.

लाल शर्टखाली लाल चड्डी आणि लाल मोजे, हेही त्यांचंच. १९६४ मध्ये अँडरलेख्टविरुद्ध प्रथमच संपूर्ण लाल पोशाख घातला गेला. येट्स त्यात अधिकच धिप्पाड दिसतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

'फुटबॉल हा जीवन-मरणाचा प्रश्न नाही, त्याहून मोठा आहे' हे वाक्य त्यांचंच ना?

त्यांचंच, पण टी-शर्टवर छापतात ते अर्धं. १९८१ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांना विचारलं होतं की फुटबॉलपायी जे गमावलं त्याची खंत वाटते का. खूप वाटते, असं ते म्हणाले, आणि ते प्रसिद्ध वाक्य उच्चारून लगेच पुढे म्हणाले की माझ्या घरच्यांनी सोसलं, त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. सगळं एका दमात ऐकलं तर ती फुशारकी राहत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले.

ते इतक्या अचानक का गेले?

मे १९७४ मध्ये न्यूकॅसलला ३-० ने हरवून एफए कप जिंकला. त्याआधीच्या वर्षी लीग आणि यूईएफए कप (युरोपातल्या क्लबांची एक स्पर्धा) दोन्ही जिंकले होते. १२ जुलैला पत्रकार परिषद बोलावली आणि राजीनामा जाहीर केला. वय साठ. थकलो, घरच्यांना वेळ द्यायचा आहे, हे कारण दिलं. शहरात लोकांचा विश्वास बसेना.

त्यानंतरचं जास्त चटका लावणारं आहे. शँकली रोज सकाळी मेलवुडला येऊ लागले. खेळाडू सवयीने त्यांनाच 'बॉस' म्हणायचे, आणि नवे बॉस पेस्ली शेजारी उभे. शेवटी हळूच सुचवावं लागलं की आता येत जाऊ नका. शँकली दुखावले गेले ते कायमचे. दोष कोणाचा? मला तरी कोणाचाच देता येत नाही. घरातला कर्ता माणूस निवृत्त झाल्यावर दुकानाच्या ओट्यावर येऊन बसतो, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाची जी अवस्था होते, ती पेस्लींची होती.

बूट रूम म्हणजे काय? खरंच बूट ठेवायची खोली?

खरंच. अ‍ॅनफिल्डच्या बोळात ड्रेसिंग रूमजवळ एक कोंदट खोली, भिंतीवर खुंट्यांना बूट, बसायला उलटे ठेवलेले क्रेट. फेगननी तिथे बिअरच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली आणि सराव संपल्यावर प्रशिक्षक मंडळी तिथे गप्पा मारत बसू लागली. कोण लंगडतोय, कोणाचं घरी काही बिनसलंय, कोणाला बसवायचं, हे सगळं तिथे ठरे. वहीत रोजची नोंद: सराव काय घेतला, हवा कशी होती, कोणाला काय दुखलं. दोन वर्षांपूर्वी याच सुमारास हीच दुखापत कशी झाली होती, ते वही उघडून सापडे.

सामना संपल्यावर समोरच्या संघाच्या मॅनेजरलाही तिथे पेयपानाचं आमंत्रण असे. पाहुणा मोकळेपणाने बोले, यजमान ताकास तूर लागू देत नसत. पाहुणा गेल्यावर त्यांना त्याच्या संघाबद्दल चार नव्या गोष्टी कळलेल्या असत.

या खोलीतून पेस्ली आले, फेगन आले, रॉय एव्हान्स आले. रॉनी मोरन हंगामी मॅनेजर झाले. १९९३ मध्ये पत्रकारांच्या कक्षासाठी जागा हवी म्हणून ती पाडली.

पेस्लींना सगळं आयतं मिळालं, हे खरं का?

आयत्या बिळावर नागोबा, ही टीका मी स्वतः कॉलेजात असताना करत असे. आता करत नाही.

एक तर बीळ आयतं नव्हतं. पेस्ली १९३९ मध्ये क्लबमध्ये आले होते. खेळाडू, मग फिजिओ, मग प्रशिक्षक, मग शँकलींचे उजवे हात. खोदायला तेही होतेच. दुसरं, त्यांना ही गादी नकोच होती. शँकलींचं मन वळवायचा त्यांनी प्रयत्न केला. पहिल्या हंगामात एकही मोठा करंडक नाही. आणि मग नऊ वर्षांच्या हिशेबाअखेर सहा लीग, तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा), एक यूईएफए कप, तीन लीग कप. तीन युरोपियन कप जिंकणारे ते पहिले मॅनेजर. एफए कप मात्र कधीच नाही. खेळाडू म्हणून निसटला तो मॅनेजर म्हणूनही निसटला.

बोलायला अडखळत, खेळाडूंची नावं विसरत, अंगात कार्डिगन. पण खेळाडू बोळातून चालत आला की चालीवरून सांगत, तुझा गुडघा दोन आठवड्यांत जाणार. १९७७ मध्ये केव्हिन कीगन जर्मनीला गेला तेव्हा लोक म्हणाले, आता संपलं. पेस्लींनी सेल्टिककडून ४ लाख ४० हजार पौंडांना केनी डाल्ग्लिश आणला. तोटा झाला असं नंतर कोणी म्हटलं नाही.

त्याच वर्षी रोममध्ये बोरुसिया मोंशनग्लाडबाखला ३-१ ने हरवून पहिला युरोपियन कप जिंकला. पेस्ली युद्धात ब्रिटिश सैन्यात होते आणि १९४४ मध्ये रणगाड्यावरून याच शहरात शिरले होते. रोममध्ये जर्मनांना हरवायची माझी ही दुसरी खेप, असा विनोद त्यांनी केला.

थोर कोण, शँकली की पेस्ली? शँकलींशिवाय क्लब नाही, पेस्लींशिवाय कपाट भरत नाही. मला एकच निवडायला लावलंत तर पेस्ली. क्लबमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा म्हणून इतकी वर्षं काढलेला माणूस पहिल्या क्रमांकावर आल्यावर बदलला नाही, हे मला करंडकांपेक्षा अवघड वाटतं.

जो फेगन फक्त दोन वर्षं का?

बासष्टाव्या वर्षी मॅनेजर झाले. १९८३-८४ मध्ये लीग, लीग कप आणि युरोपियन कप, तिन्ही. युरोपियन कपचा अंतिम सामना रोमाविरुद्ध, रोमाच्याच मैदानावर, पेनल्टींवर जिंकला. दुसऱ्या हंगामानंतर निवृत्त व्हायचं त्यांनी ठरवलं होतं आणि शेवटचा सामना होता ब्रुसेल्सच्या हेझल मैदानावर, २९ मे १९८५ रोजी, युव्हेंटसविरुद्ध. सामन्याआधी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी केलेल्या चालीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. परतल्यावर विमानतळावर रडणाऱ्या फेगनचं छायाचित्र आहे. आयुष्यभराच्या नोकरीचा शेवट तो.

डाल्ग्लिश एकाच वेळी खेळाडू आणि मॅनेजर कसे होते?

तेव्हा ते चालत असे. चौतिसाव्या वर्षी संघ त्यांच्या हाती दिला, आणि दोन वर्षं सल्ल्याला पेस्ली शेजारी. मे १९८६ मध्ये चेल्सीच्या मैदानावर लीग जिंकून देणारा गोल मॅनेजरसाहेबांनी स्वतः छातीवर चेंडू घेऊन मारला, आणि आठवड्याभरात एव्हर्टनला ३-१ ने हरवून एफए कपही घेतला.

हा प्रकार आपल्याकडेही पाहायला मिळाला आहे. निकोलस अनेल्का २०१५ मध्ये मुंबई सिटी एफसीचा खेळाडू-मॅनेजर होता. हाच अनेल्का २००१-०२ मध्ये उसना म्हणून लिव्हरपूलला खेळला होता. तेव्हाचे मॅनेजर हूलिए यांनी त्याला कायम न करता एल हाजी दियूफला घेतलं. तो सौदा आठवला की जुने चाहते अजून कपाळावर हात मारतात.

मग डाल्ग्लिशनी १९९१ मध्ये अव्वल असताना का सोडलं?

या प्रश्नाचं उत्तर फुटबॉलमध्ये नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. दोष चाहत्यांवर ढकलला गेला आणि तो धुऊन निघायला २०१६ पर्यंतची चौकशी लागली. त्या दिवसांत डाल्ग्लिश आणि खेळाडू घरोघरी गेले, अंत्यविधींना उभे राहिले. एका दिवशी चार अंत्यविधींना ते गेले होते. त्याच हंगामात एफए कप जिंकला, पुढच्या वर्षी लीग जिंकली. आतून मात्र माणूस संपत आला होता.

२० फेब्रुवारी १९९१ रोजी एव्हर्टनविरुद्धचा कप सामना ४-४ असा सुटला. लिव्हरपूल चार वेळा पुढे गेलं आणि चारही वेळा आघाडी गेली. दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. नंतर त्यांनीच सांगितलं की त्या सामन्यात काय करायला हवं ते दिसत होतं, पण निर्णय घेता येत नव्हता.

ग्रेम सूनेसवर लोकांचा एवढा राग का?

डाल्ग्लिशनंतर ते मॅनेजर झाले तेव्हा संघ म्हातारा झाला होता आणि त्यांनी तो घाईने मोडला, हे एक. पण खरा राग १९९२ चा. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी आपल्या बरं होण्याची कहाणी 'द सन'ला दिली, आणि ती छापून आली १५ एप्रिलला, हिल्सबरोच्या तिसऱ्या स्मृतिदिनी. याच वृत्तपत्राने मृतांवर घाणेरडे खोटे आरोप छापले होते आणि शहराने त्यावर बहिष्कार टाकला होता. सूनेसनी नंतर अनेकदा चूक कबूल केली. पुढच्याच महिन्यात एफए कप जिंकला, तरी तुटलेलं सांधलं नाही. बूट रूम पाडली तीही त्यांच्याच काळात, आणि तेही बिल त्यांच्याच नावावर फाडलं जातं.

एकाच वेळी दोन मॅनेजर होते म्हणे?

जुलै ते नोव्हेंबर १९९८. रॉय एव्हान्स आणि जेरार्ड हूलिए. एका म्यानात दोन तलवारी, काय होणार ते उघड होतं. एव्हान्स सज्जन, बूट रूमचे शेवटचे वारसदार. कलकत्त्याच्या मैदानापासून आपल्या गल्लीपर्यंत कुठेही विचारा, खेळाडूंना दोन मालक चालत नाहीत. घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून हरल्यावर एव्हान्स स्वतःच बाजूला झाले.

हूलिए फ्रेंच, पण शहर त्यांना नवं नव्हतं. १९६९-७० मध्ये लिव्हरपूलच्या एका शाळेत ते शिकवत होते आणि कॉपच्या, म्हणजे मैदानाच्या एका टोकाच्या स्टँडच्या, पायऱ्यांवर उभं राहून सामने बघत होते. २००१ मध्ये लीग कप, एफए कप आणि यूईएफए कप असे तीन करंडक त्यांनी आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लीड्सविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला छातीत दुखलं, महाधमनीची अकरा तासांची शस्त्रक्रिया झाली. पाच महिने त्यांचे सहायक फिल थॉम्प्सन यांनी गाडा हाकला.

बेनितेझनी लीग जिंकली नाही, तरी एवढं प्रेम का?

कारण इस्तंबूल. हूलिएंनंतर आलेल्या बेनितेझच्या संघाचा २५ मे २००५ चा चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे जुन्या युरोपियन कपचा, अंतिम सामना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मध्यंतराला मिलान ३-०. टीव्ही बंद करून झोपलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि आता त्यातला कोणीच कबूल करत नाही. बेनितेझनी फिननला काढून हामानला आणलं, मागे तिघांना ठेवलं. सहा मिनिटांत जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो. मग पेनल्टींवर विजय. लक्षात घ्या, हा संघ त्या वर्षी लीगमध्ये पाचवा होता.

२००६ चा एफए कप, २००९ मध्ये ८६ गुण मिळवून दुसरा क्रमांक. पण तोवर क्लब अमेरिकन मालक हिक्स आणि जिलेट यांच्या कर्जात रुतला होता. २०१० मध्ये बेनितेझ गेले ते जाताना हिल्सबरोच्या कुटुंबांच्या संस्थेला ९६ हजार पौंड देऊन. तेव्हा मृतांचा आकडा ९६ होता.

आणि रॉय हॉजसन?

सहा महिने. चौथ्या विभागातल्या नॉर्थहॅम्प्टनकडून घरच्या मैदानावर हार. पुढचा प्रश्न.

१९९० नंतर लीग जिंकायला तीस वर्षं का लागली?

मॅनेजर वाईट होते म्हणून नाही, निदान फक्त म्हणून नाही. दूरचित्रवाणीचा पैसा आला तेव्हा मँचेस्टर युनायटेड आणि नंतर चेल्सी, मँचेस्टर सिटी त्यावर आधी स्वार झाले. लिव्हरपूल आपल्याच परंपरेच्या कौतुकात मागे पडलं. बूट रूममधून पुढचा माणूस आपोआप निघेल, या समजुतीवर क्लब विसंबला, आणि एक दिवस ती रांग संपली. २०११ मध्ये डाल्ग्लिशना परत आणलं तेही त्याच ओढीने; २०१२ मध्ये लीग कप मिळाला, पण आठवा क्रमांक आला. त्यांच्यानंतर आलेल्या रॉजर्सच्या संघाने २०१३-१४ मध्ये १०१ गोल मारले आणि चेल्सीविरुद्ध जेरार्डचा पाय घसरला. त्याबद्दल अधिक लिहायची माझी तयारी नाही.

क्लॉपनी वेगळं काय केलं?

ऑक्टोबर २०१५ मध्ये आले तेव्हा पहिलीच मागणी संघाकडे नव्हती, प्रेक्षकांकडे होती: शंका घेणं सोडा. चेंडू गमावला की तिथल्या तिथे झडप घालून परत घ्यायचा, हा खेळ त्यांनी डॉर्टमुंडहून आणला. ७ मे २०१९ रोजी बार्सिलोनाविरुद्ध ०-३ ची पिछाडी ४-० ने धुऊन काढली, आणि त्याच वाटेने चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या हंगामात लीगमध्ये ९७ गुण मिळवूनही दुसरे. पुढच्या हंगामात ९९ गुण आणि तीस वर्षांचा वनवास संपला, पण कोविडमुळे स्टेडियम रिकामं. लीग, युरोपियन कप, एफए कप आणि लीग कप हे चारही जिंकलेले लिव्हरपूलचे ते एकमेव मॅनेजर; पेस्लींकडे एफए कप नाही, डाल्ग्लिशकडे युरोपियन कप नाही.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की माझ्यातली ऊर्जा संपत चालली आहे. मला लगेच १९७४ आणि १९९१ आठवलं. फरक एवढाच की यांनी चार महिने आधी सांगितलं. शेवटच्या दिवशी मैदानावर माइक हातात घेऊन त्यांनी प्रेक्षकांकडून उत्तराधिकाऱ्याच्या नावाचं गाणं म्हणवून घेतलं. अशी खांदेपालट या क्लबने शँकली-पेस्लींच्या वेळीही पाहिली नव्हती.

स्लॉट यांचं पद 'मॅनेजर' नाही, 'हेड कोच' आहे. फरक पडतो का?

पडतो. खरेदी-विक्रीची सूत्रं क्रीडा संचालकाकडे, संघ आणि सराव कोचकडे. एका अर्थी चाक फिरून सेक्रेटरी-मॅनेजरच्या काळाकडे आलंय, फक्त उलट बाजूने: तेव्हा मंडळ संघ निवडायचं आणि मॅनेजर खेळाडू शोधायचा. अर्ने स्लॉट फेयेनूर्डहून आले, पहिल्या उन्हाळ्यात संघात नवा खेळाडू जवळजवळ आलाच नाही (एक किएझा), आणि २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ ने हरवून, चार सामने राखून विसावी लीग जिंकली. तेव्हाही 'आयतं बीळ' म्हणणारे होते. त्यांना मी पेस्लींवरचा परिच्छेद पाठवतो.

वीस लीग कोणाकोणाच्या नावावर?

वॉटसन दोन, अ‍ॅशवर्थ एक, मक्वीन एक, के एक, शँकली तीन, पेस्ली सहा, फेगन एक, डाल्ग्लिश तीन, क्लॉप एक, स्लॉट एक. युरोपियन कप सहा: पेस्ली तीन, फेगन, बेनितेझ आणि क्लॉप एकेक.

अ‍ॅनफिल्डला गेलो तर कोणत्या मॅनेजरांचे पुतळे दिसतील?

डाल्ग्लिशच्या नावाने एक अख्खा स्टँड आहे. कॉपच्या बाहेर शँकली दोन्ही हात पसरून उभे आहेत, जिंकल्यावर गर्दीसमोर उभे राहत तसे. पेस्लींचा पुतळा उशिरा, २०२० मध्ये आला. सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकलेल्या माणसाच्या हातात करंडक असेल असं वाटेल. नाही. १९६८ मधल्या एका सामन्याच्या छायाचित्रावरून तो घडवला आहे, ते मॅनेजर होण्याच्या सहा वर्षं आधीच्या. जखमी एम्लिन ह्यूजला पाठीवर घेऊन पेस्ली मैदानाबाहेर निघाले आहेत.